शिंप्याला सुई टोचत नाही

"हे कोणी लिहिलंय?"

भागडीकर बाईंनी कापडी पिशवीतून बाड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बाडाच्या कडेने गुलाबी कागदांची टोकं बाहेर डोकावत होती. वीसेक तरी असावीत. मूर्तिजापूरच्या आमच्या वाचनालयात दुपारी तीनच्या सुमारास चिटपाखरू नसे, म्हणून मीच त्यांना ती वेळ दिली होती.

"नागपूरचे एक नवे लेखक आहेत," मी म्हणालो. "अ. वा. नक्षत्रे."

"हे नाव खोटं आहे."

"टोपणनाव आहे, बाई."

"मग मी दुसरं काय म्हणाले?" त्यांनी खुर्ची ओढली आणि पदराने चष्मा पुसायला घेतला.

अ. वा. नक्षत्रे म्हणजे मीच. दिवाकर वामन पतंगे, वय तेव्हा एकतीस, त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. चार मासिकांत पाचसहा कथा छापून आल्या होत्या आणि तेवढ्यावर मी स्वतःला लेखक समजत होतो. आता पहिली कादंबरी पुरी झाली होती. नागपूरच्या एका प्रकाशकाने होकार कळवला होता, महिनाअखेर पक्की प्रत मागितली होती. ती पाठवण्याआधी बाईंच्या हाताखालून जावी असं मला वाटलं, पण माझं नाव सांगायची छाती झाली नाही.

छाती न होण्याचं कारण त्या गुलाबी चिठ्ठ्या. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सत्त्याऐंशी साली बदलून आमच्या गावी आल्या आणि इथूनच निवृत्त झाल्या. ट्रंक कॉलचे जुने कोरे फॉर्म रद्दीत निघाले तेव्हा त्यांनी गठ्ठाच घरी आणला होता. प्रत्येक पुस्तक परत करताना त्या एक फॉर्म शेवटच्या पानावरच्या खिशात सारून ठेवायच्या. 'नंबर' या रकान्यात पानाचा आकडा, 'मिनिटे' या रकान्यात ते पान वाचण्यात किती वेळ फुकट गेला तो हिशेब, आणि खाली मत. सभासद आधी चिठ्ठी वाचायचे आणि मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवायचे. काही पुस्तकं बाईंच्या एका वाक्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली.

त्या वाचायच्या फक्त तीनच कपाटं: विज्ञान, अद्भुत आणि रहस्य. सामाजिक कादंबरी कधी का नेत नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तीस वर्षं कानाला लावून ऐकल्या की. आता पुन्हा विकत कशाला वाचू?" त्यांची मतं मला पाठ होती. एका विज्ञानकादंबरीवर लिहिलं होतं, 'मंगळावर पोचून तिसऱ्या दिवशी दोघांचं जमतं. मग अमरावतीला काय वाईट होतं?' एका रहस्यकथेवर, 'खुनी पान ३८ वर चहा घेऊन आला तेव्हाच कळला. साखर कमी हवी हे याला कोणी सांगितलं?' आणि शेवटी जुळा भाऊ काढणाऱ्या एका लेखकाला वाचनालयात महिनाभर झाडू मारायला लावावं, अशी त्यांची सूचना होती.

माझ्या कादंबरीचं नाव होतं 'जगाचं अस्तर'. एक शिंपी असतो. त्याला शोध लागतो की या जगाला आतून अस्तर आहे आणि एका ठिकाणी त्याची शिवण उसवलेली आहे. तो हळूहळू पलीकडच्या जगाचा होत जातो आणि एका पहाटे त्या शिवणीतून निघून जातो. मागे त्याचा नऊ वर्षांचा मुलगा राहतो. तो मुलगा मोठा होऊन ही गोष्ट सांगतो.

तो शिंपी माझे बाबा होते. आम्ही तेव्हा दारव्ह्याला राहायचो, बाजारात बाबांचं शिलाईचं दुकान होतं. मी नऊ वर्षांचा असताना ते एका पहाटे घरातून गेले आणि परत आले नाहीत. कापड आणायला नागपूरला गेले आणि कुठे नाहीसे झाले कळलं नाही, असं आईने लोकांना सांगितलं. वर्षभरात दुकान मोडून आम्ही मूर्तिजापूरला मामाकडे आलो. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मीही ते कोणाशी बोलत नसे. बोलायची गरजच पडली नाही, कारण बाबांचं काय झालं याचं उत्तर मी नवव्या वर्षीच शोधून ठेवलं होतं आणि आता ते दीडशे पानांत लिहूनही काढलं होतं.

"आधी चांगलं सांगते," बाई म्हणाल्या. "या तुझ्या नक्षत्र्याला लिहिता येतं. अद्भुत कादंबरीत मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, ठाऊक आहे ना तुला?"

"फुकटच्या जादूची."

"हो. जिची किंमत कोणी मोजत नाही ती जादू नव्हे, वशिला. इथे तो शिंपी किंमत मोजतो. म्हणून मी खूश होते. पान बारापर्यंत." त्यांनी पहिली चिठ्ठी ओढली. "पान बारा. सुई बोटात अर्धी रुतलीय आणि तो शिवतोच आहे. कापडावर रक्त दिसतं तेव्हा त्याला कळतं. पोराला वाटतं, बाबांना शक्ती मिळाली. ठीक आहे, पोर नऊ वर्षांचं आहे, त्याला वाटणारच. पण लेखकालाही तसंच वाटतं."

"अद्भुत कादंबरी आहे, बाई."

"थांब जरा. पान एकोणतीस. कोळशाची इस्त्री. तळहात इस्त्रीला चिकटतो आणि बाप वर बघतो तो कशाने? वासाने. दुखलं म्हणून नाही, वास आला म्हणून. दिवाकर, हे घरी बसून कोणी रचत नाही. हे कोणीतरी पाहिलेलं आहे."

मी तांब्यातलं पाणी घेतलं.

"पान चव्वेचाळीस. त्याच्या भुवया जातात. लेखक म्हणतो, पलीकडचं जग त्याला हळूहळू पुसून टाकतंय. वाक्य सुंदर आहे, मी खाली रेघ मारलीय. पान एक्कावन्न, जेवायचं ताट वेगळं. म्हणे पलीकडच्या लोकांना पितळ चालत नाही, म्हणून ॲल्युमिनियमचं. बरं बाबा, नाही चालत. पण मग बायको ते ताट सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या राखेने का घासते? आणि घासून झाल्यावर उकळत्या पाण्याने हात का धुते? जादूला कोणी असं भीत नाही." एकेक चिठ्ठी काढून त्या माझ्यापुढे पत्त्यांसारखी मांडत होत्या. "पान सदुसष्ट. पोर मांडीवर बसायला जातं आणि बाप म्हणतो, दूर बस. हे वाचून मी बाड मिटून ठेवलं. चहा केला आणि मग पुढे वाचलं."

"तुम्हाला म्हणायचंय काय?"

"चाळीस वर्षं रहस्यकथा वाचतेय मी. लेखक पुरावे पेरतो ते वाचकाला चकवायला. हा पहिलाच लेखक बघितला, जो सगळे पुरावे नीट मांडतो आणि स्वतःच चकतो."

"कसले पुरावे?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डोक्यावरून मागे बघत होत्या. "वळ की मागे," त्या म्हणाल्या.

मी वळलो. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आरोग्य खात्याचा एक पत्र्याचा फलक होता. त्याचा खिळा मीच ठोकला होता आणि त्यानंतर सहा वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. एका पंजाचं चित्र आणि खाली अक्षरं: सुई टोचलेली कळत नाही का? चटका बसलेला कळत नाही का? अंगावर सुन्न चट्टा आहे का? सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोग बरा होतो.

"तुझ्या शिंप्याला महारोग झालाय," बाई मागून म्हणाल्या. "अख्ख्या पुस्तकात एवढं एकाच माणसाला कळलेलं नाही, ते म्हणजे लेखकाला."

मी तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. फलकावरचे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होतो. माझ्या कादंबरीतली तीन प्रकरणं कोणीतरी आधीच पत्र्यावर रंगवून ठेवली होती.

बाईंचं चालूच होतं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. "आणि त्याची बायको बघ. पान ब्याऐंशी. सकाळ झाली, नवरा घरात नाही, हे पोराने अजून तिला सांगितलेलंही नाही. आणि ती चुलीपुढे बसून एका माणसाचं पीठ कमी मळते. कोणी नाहीसं झालेलं नाही, दिवाकर. तिनेच त्याला पाठवलंय, दोघांचं ठरवून झालंय. आता राहिला तो पोरगा. मोठा होतो, गच्चीवर बसतो आणि आकाशात टाके शोधतो. पण आईला एकदाही विचारत नाही, की बाबा कुठे गेले. असला नायक मला चालत नाही. शेवटच्या चिठ्ठीवर तेवढंच लिहिलंय मी. या नक्षत्र्याला सांग..."

"आमच्याकडे तसंच झालं होतं," मी म्हणालो.

"तसंच म्हणजे?"

"पीठ. मी चुलीपाशी उभा होतो. आई रोजच्यापेक्षा कमी पीठ मळत होती."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळलो तेव्हा बाई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या घाईघाईने टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागल्या, बाडातल्या उरलेल्या ओढू लागल्या. एक पान टरकन फाटलं.

"अरे, मी कादंबरीबद्दल बोलत होते," त्या म्हणाल्या. "नुसत्या कादंबरीबद्दल. मला ठाऊक असतं तर तोंड उघडलं नसतं रे मी."

"राहू द्या, बाई. चिठ्ठ्या इथेच राहू द्या."

"कदाचित तसं नसेलही. मी काय, डॉक्टर थोडीच आहे."

"राहू द्या त्या."

त्या गेल्या. मी वाचनालय दोन तास आधी बंद केलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर सुपात अंबाडी निवडत बसली होती. मामा वारल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. माझी थोरली बहीण पुष्पा लग्न होऊन वर्ध्याला गेली होती. रस्त्याने येताना मी मनात शंभर तऱ्हांनी प्रश्न जुळवला होता. दारात पाऊल ठेवलं आणि सगळं विसरलो.

"आई, बाबाले महारोग झालता का?"

आईचे हात थांबले नाहीत. हातातल्या काडीची सगळी पानं खुडून झाल्यावर तिने विचारलं, "आज काऊन विचारून राहिला?"

नाही म्हणाली नाही. काय बोलतोस असंही म्हणाली नाही. मी भिंत धरून खाली बसलो.

"तू मले सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? तुले तं माहीत होतं."

"मले? मले कुठून माहीत असनार?"

आता तिने मान वर केली. "असं काय करतं दिवा? ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याईचं ताट तू परसात नेऊन पुरलं. हात नाही लावला ताटाले. काडीनं लोटत लोटत नेलं. मी चुलीपाशून पाहून राहिली होती. मनात म्हनलं, पोराले समजलं. शाळेत कोनी बोललं असन. रडू आलं मले, पन म्हनलं, बरं झालं, आपल्याले सांगायची पाळी नाही आली."

ताट मला आठवत होतं. पारिजातकाखाली खणलेला खड्डाही आठवत होता. तेव्हा वाचलेल्या कुठल्याशा गोष्टीत होतं, की नाहीशा झालेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला तर त्याची परतीची वाट बंद होते. वस्तू हात न लावता जमिनीत ठेवायची. मग तो ती शोधत येतो.

"आई," मी म्हणालो, "ते बाबाले बोलवाले पुरलं होतं मी. ताट शोधत येतीन म्हणून."

आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. निवडलेली आणि न निवडलेली भाजी ओट्यावर एक झाली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कोणी तिऱ्हाईत माणूस घरात शिरलोय.

"बोलवाले?" ती म्हणाली. "अन् मी त्याईले सांगतलं..."

"काय सांगतलं?"

"पयल्याच वर्सी भेटाले गेली होती मी. ते म्हने, दिवाले एकदा आन, लांबून पाहीन, जवळ नाही येनार. मी म्हनलं, त्याले सारं समजलं. त्यानं तुमचं ताट मातीत पुरलं, काडीनं. मंग चूप बसले. त्याच्यानंतर तुले आन म्हनून कधी म्हनलं नाही त्याईनं."

बाबांना भेटायला कोणी जात होतं. बाबांशी माझ्याविषयी कोणी बोलत होतं. जे बोललं गेलं ते असं होतं. मी त्यातल्या त्यात सोपा प्रश्न विचारला.

"मेले कधी बाबा?"

"कोन मेलं?" आई एकदम कडक आवाजात म्हणाली. "चांगले आहेत. दरसाल संक्रांतीच्या टायमाले मी कुठं जातो मंग?"

"वनीले. मावशीकडे."

"वनीले आपली कोनती मावशी आहे, दिवा?"

बावीस वर्षं ती दर जानेवारीत चार दिवस मावशीकडे जात होती, आणि त्या मावशीचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. वणीच्या पलीकडे तशा रोग्यांची एक वसाहत होती. बाबा तिथे होते. दहा वर्षांपूर्वी नवीन औषधं आली, बाबा पुरते बरे झाले, डॉक्टरांनी तसा कागदही दिला. आई त्यांना म्हणाली होती, आता चला घरी. पुष्पाचं लग्न झालं, तिच्या सासरी आता माहीत आहे, कोणाची भीती नाही.

"मंग काऊन नाही आले?"

"म्हने, पोराची इच्छा नाही तिथं कायले येऊ."

"पुष्पाले माहीत आहे?"

"तिले माहीत आहे. तुयासमोर नाही काढत. तुले राग येईन म्हनून."

म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. फक्त ज्याला माहीत आहे असं सगळे धरून चालले होते, त्यालाच माहीत नव्हतं. आई पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. तेव्हा मला तिचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. थोड्या वेळाने आम्ही दोघंही खाली बसून सांडलेली भाजी गोळा करू लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही निघालो. यवतमाळला गाडी बदलली. मी पिशवीत कादंबरीचं बाड घेतलं होतं. आईने ते पाहिलं, पण विचारलं नाही. वाटेत ती एकदाच बोलली. "त्याईचे हात पाहून तोंड वाकडं नको करू," ती म्हणाली. मी नाही करणार म्हणालो.

वसाहत स्वच्छ होती. कडुनिंबाच्या दोन रांगा, बैठी घरं, मागे भाजीचे वाफे. शिलाईची एक लांब पडवी होती आणि तिच्या टोकाला बेतायच्या टेबलाशी एक म्हातारा माणूस उभा होता. कात्री त्याच्या हाताला चिंधीने बांधली होती. उजव्या हाताची बोटं अर्धीच होती, डाव्याची त्याहून कमी. भुवया नव्हत्या. पण खडूने खूण करताना जीभ किंचित बाहेर काढायची सवय मी लगेच ओळखली.

त्यांनी आधी आईला पाहिलं, मग मला. कात्री तशीच हाताला राहिली.

"काऊन आनलं त्याले?" ते आईला म्हणाले. माझ्याशी बोलले नाहीत. "त्याची इच्छा नव्हती तं जबरदस्ती कायले केली?"

आईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ताटाचं सांगितलं, काडीचं सांगितलं, पोराने ते बोलवायला पुरलं होतं हेही सांगितलं. माझीच चूक झाली, असं ती तीनतीनदा म्हणाली. बाबा ऐकत होते. मधल्या वेळात त्यांनी बेतलेल्या कापडाची घडी केली, ती उलगडली आणि पुन्हा केली.

"असू दे," शेवटी ते म्हणाले. "आला ना. झालं."

"बाबा, मले खरंच माहीत नव्हतं."

"बरं."

लहान मुलाने परीक्षेत पहिला आलो म्हणून खोटंच सांगावं आणि घरातल्यांनी निकाल माहीत असूनही म्हणावं, तसं ते 'बरं' होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. चहा आला तेव्हा कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. बरं होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा ते आणखी सरकले.

मी सारखं तेच सांगत राहिलो. मी लहान होतो, मला कोणी सांगितलं नाही, मला वाटलं तुम्ही दुसऱ्या जगात गेलात. माझं मलाच ऐकू येत होतं. एकतीस वर्षांचा, चष्मा लावलेला, सरकारी अनुदानावरच्या वाचनालयात नोकरी करणारा माणूस म्हणत होता, की माझा बाप शिवणीतून नाहीसा झाला असं मी समजत होतो. पडवीतले दोघंतिघं मशीन थांबवून माझ्याकडे बघत होते.

निघताना मी बाड त्यांच्या टेबलावर ठेवलं. "हे वाचा," मी म्हणालो. "मी लिहिलं आहे. मले काय वाटत होतं ते सारं याच्यात आहे. मंग तुम्हाले पटन." बाबांनी दोन्ही तळहातांत धरून ते उचललं. बाईंच्या चिठ्ठ्या मी काढून ठेवल्या होत्या. तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. प्रकाशकाला पत्र टाकलं, की कादंबरी देत नाही. ती मी पुढेही कधी छापली नाही. एका गोष्टीवर मात्र माझी भिस्त होती. माणूस खोटं बोलू शकतो, पण दीडशे पानं कोणी एखाद्याला फसवायला आधीच लिहून ठेवत नाही. बाबा ती वाचतील आणि त्यांना कळेल, की माझा मुलगा मला टाळत नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. बाबा पडवीबाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसले होते. बाड मांडीवर होतं. मला पाहून ते या वेळी सरकले नाहीत, उलट बाकावर जागा करून दिली. माझा जीव भांड्यात पडला.

"वाचलं?"

"दोनदा." त्यांनी बाडावरून तळहात फिरवला. "चांगलं लिहिलं. मी शिकलेला नाही जास्ती, पन सारं डोयासमोर आलं. सुई लिहिली. इस्तरी लिहिली. भुवया लिहिल्या. ताट लिहिलं. दूर बस म्हनलं होतं, तेही लिहिलं. एकही गोष्ट सुटली नाही."

"मंग आता पटलं ना, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"सारं तं लिहिलं, दिवा," ते म्हणाले. "इतकं बारीक पाहिलं होतं तू. अन् म्हनतं माहीत नव्हतं."

माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. जे होतं ते मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

"लहान होता तू," बाबा म्हणाले. "भेला असशीन. मी तुया जागी असतो तं मीही भेलो असतो. मी मनात नाही ठेवलं कधी. खोटं कायले बोलतं बापाशी?" त्यांनी हात उचलला, जरा थांबले, आणि मग तो माझ्या डोक्यावर ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला होता. तो हात तिथे राहावा म्हणून मी वाटेल ते बोललो असतो.

"हो बाबा," मी म्हणालो. "भेलो होतो."